एक बेचाळीसचा फोन

पाळणाघर म्हटलं की लोकांना वाटतं, चार पोरं गोळा करायची, खेळणी टाकायची आणि पाय पसरून बसायचं. बसून दाखवा म्हणावं एक दिवस. अकरा पोरं म्हणजे अकरा तऱ्हा. एकाला गरम भात चालत नाही, दुसरीला गार चालत नाही, आणि तिसरा असा नग की त्याला फक्त दुसऱ्याच्या ताटातलंच गोड लागतं. मावशी हे सतरा वर्षं करत होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे जाळीचं दार, मागे कपडे वाळत घालायला हातभर अंगण, आणि भिंतीला टेकवून रचलेल्या अकरा गाद्या. प्रत्येक गादीच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा तुकडा शिवलेला. वाचता न येणारं पोरगंसुद्धा आपली गादी बरोबर ओढून आणायचं.

मावशीचे नियम दोनच, पण ते मोडायला गेलात तर ती तुम्हालाच मोडून ठेवायची.

पहिला नियम औषधाच्या वहीचा. पोराला औषध द्यायचं असेल तर आईनं नाहीतर बापानं स्वतःच्या हातानं वहीत लिहायचं. कोणतं, किती, किती वाजता. खाली सही. "तोंडी सांगितलेलं मला ऐकू येत नाही," ती म्हणायची. एक बाप वैतागून म्हणाला होता, "मावशी, घर घेतानासुद्धा एवढ्या सह्या केल्या नाहीत मी." मावशी म्हणाली, "घराला ताप येत नाही. कर सही."

दुसरा नियम दुपारचा. एक ते साडेतीन पोरं झोपणार. तेवढा वेळ बेलची वायर काढलेली आणि मावशीचा मोबाईल बंद. आवाज बंद नव्हे, मोबाईलच बंद. कारण एकदा तो नुसता थरथरला तर एक पोरगं उठलं, आणि एक उठलं की अकराच्या अकरा उठतात. काही तातडीचं असेल तर काकांच्या मोबाईलवर फोन करायचा. तो नंबर प्रत्येक आईबापाला पहिल्याच दिवशी मिळायचा.

काका म्हणजे मावशीचा नवरा. बसडेपोत मेकॅनिक होते, आता घरीच. त्या अडीच तासांत ते अंगणात स्टूल टाकून बसायचे आणि शिंक आली तरी नाक दाबून धरायचे. "गाड्यांखाली झोपून तीस वर्षं काढली," म्हणायचे, "पण एवढा कशाला भ्यायलो नाही."

तर झालं असं.

एका बुधवारी संध्याकाळी बँकेतली बाई आपलं पोरगं न्यायला आली. तीन वर्षांचं पोरगं, एरवी हाताला लागायचं नाही, म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणायचे. त्या दिवशी भिंगरी आईच्या खांद्यावर मान टाकून लोंबत होती.

"मलाही आज जड वाटतोय," मावशी म्हणाली. "साडेचारला याच्या बाबाला फोन केला मी. तो म्हणाला, रात्रभर खोकल्यानं जागा होता, झोपू दे. पण तू जाता जाता डॉक्टरला दाखव. घरी नेऊ नको आधी."

बाई तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी डोळे बघितले, नाडी बघितली आणि म्हणाले, गुंगी येईल असं काहीतरी जास्त पोटात गेलंय, उतरेल, घाबरू नका. पोरगं सकाळी उठलं आणि मागून दूध प्यायलं. पण तोवर बाईचं डोकं ठिकाणावर कुठलं राहायला? पोराच्या उशाशी बसल्या बसल्या तिनं बायकांच्या ग्रुपवर लिहून टाकलं, माझ्या मुलाला पाळणाघरात झोपवायला औषध दिलं, तुमची मुलं तिथे जात असतील तर सावध व्हा.

गुरुवारी ते पन्नास मोबाईलवर फिरलं. शुक्रवारी पेपरात आलं.

पेपर आधी काकांच्या हातात पडला. ते एरवी मोठ्यानं वाचायचे. त्या दिवशी गप्प झाले म्हणून मावशी भाताचं भांडं उतरवून बाहेर आली. पहिलं पान, अगदी वरती. "पाळणाघरात चिमुकल्यांना गुंगीचे औषध?" खाली जाळीच्या दाराचा फोटो, पायरीवरच्या पोरांच्या चपलांसकट. रस्त्याचं नाव, मावशीचं पूर्ण नाव, आणि शेवटी एक ओळ: पाळणाघराच्या संचालिकेशी वारंवार संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता त्यांचा फोन बंद होता.

"संचालिका कोण?" मावशीनं विचारलं.

"तू."

"मी कधी झाले?"

"आज सकाळी." काकांनी बोट पानावर टेकवलं. "हे बघ, प्रश्नचिन्ह टाकलंय. म्हणजे ते सांगत नाहीयेत. विचारतायत."

"मग मला विचारायचं ना! सगळ्या गावाला काय विचारत बसलेत?"

काकांनी बातमीदाराचं नाव वाचलं, आणि चष्मा काढून पुसून परत वाचलं. "अगं, हा आपल्या चिमणीचा बाप."

मावशीनं पेपर ओढून घेतला. चिमणी दोन वर्षं तिच्याकडे होती, आता शाळेत जायला लागली होती. या घरात पहिलं पाऊल टाकलेली पोर. तिच्या बापाला मावशीनं फोन करून सांगितलं होतं, आणि तो काम टाकून धावत आला होता, तर चिमणी त्याच्यासमोर ढिम्म बसून राहिली होती.

"चुकून झालं असेल," मावशी म्हणाली.

आठ वाजता पोरं यायची वेळ. पोरं आली नाहीत, आईबाप आले. आणि आले ते गाद्या न्यायला. एक म्हणाली, सासूबाई गावाहून यायच्यात. दुसरीच्या आईला अचानक रजा मिळाली होती. तिसरा काहीच बोलला नाही, हिरव्या तुकड्याची गादी काखेत मारली आणि जाताना मावशीच्या पाया पडायला वाकला, तेही अर्धवट. कोणी भांडलं असतं तर मावशीनं चार गोष्टी सुनावल्या असत्या. वही तिनं उघडून दारातच ठेवली होती. एकानंही तिच्यात मान घालून बघितलं नाही.

नऊ वाजता आत दोनच पोरं होती. हॉस्पिटलातल्या नर्सची, सख्खे बहीणभाऊ. ती त्यांना सोडताना म्हणाली, "वाचलं मी, मावशी. पण माझी ड्युटी आहे. मी तरी कुठे ठेवू?"

मावशीला वाटलं, ही पण गेली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सरकारी खात्यातली बाई तपासणीला आली. तिनं डबे उघडले, कपाट बघितलं, वही पहिल्या पानापासून वाचली. काही गैर आढळलं नाही असं लिहून शिक्का मारून कागद दिला. दारात चपला घालताना म्हणाली, "तुमच्यासारखी वही ठेवायला सगळ्यांना सांगते मी आता." पण हे सांगितलं कोणाला, तर मावशीला.

त्याच संध्याकाळी बँकेतली बाई आली. खाली मान घालून आत बसली. मावशीनं वही पुढे सरकवली. बुधवार. खोकल्याचं औषध, एक चमचा, बारा वाजता. खाली भिंगरीच्या बापाची सही.

"मला माहितीये," बाई म्हणाली. "ह्यांनी कबूल केलं. पण तेवढंच नाही. घरातून निघायच्या आधी आजीनंही पाजलं होतं. दोन चमचे. त्यांना वाटलं, लवकर बरा होईल. आणि ह्यांना ते माहीतच नव्हतं."

"म्हणजे घरी दोन आणि इथे एक. मग लिही की तुझ्या त्या ग्रुपवर."

"मी ते आधीचं काढून टाकलं, मावशी. गैरसमज झाला असं लिहिलंय."

"कोणाचा, ते लिहिलंयस?"

बाई रडायला लागली. "सासूबाईंचं नाव कसं घेऊ? घरात राहायचंय मला. पेपरात आलं तर त्या जीव देतील."

"माझं नाव आलंय पेपरात," मावशी म्हणाली. "मी जिवंत आहे. चहा घेतेस?"

मंगळवारी मावशी आणि काका पेपरच्या ऑफिसात गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मावशीच्या पिशवीत वही होती, सरकारी कागद होता. मोठी खोली, टेबलं एकाला एक चिकटवलेली, भिंतीवर टीव्ही चालू पण आवाज बंद, प्रत्येक टेबलावर चहाचे वाळलेले गोल डाग. संपादक माणूस मोठा गोड. स्वतः उठून खुर्ची दिली. वही वाचली, शिक्का बघितला आणि बातमीदाराला आत बोलावलं. चिमणीचा बाप आला तो दाराला टेकूनच उभा राहिला.

"आमचाही एक नियम आहे, मावशी," संपादक म्हणाले. "ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारल्याशिवाय आम्ही एक ओळ छापत नाही."

"मला नियम कळतात," मावशी म्हणाली. "मी पण पाळते."

"तेच ना. यानं तुम्हाला फोन केला होता. दाखव रे."

बातमीदारानं मोबाईल पुढे केला. संपादकांनी मोठ्यानं वाचलं. "गुरुवार, दुपारी एक बेचाळीस."

खोलीत कोणीतरी खोकलं. मावशीनं मान वर करून चिमणीच्या बापाकडे बघितलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"वारंवार कुठंय?" काकांनी विचारलं. "हा एकच दिसतोय."

"ती लिहायची पद्धत असते, काका," संपादक म्हणाले.

"आमच्या डेपोत एक बोल्ट पिळला तर एकच म्हणायचो आम्ही. वारंवार पिळला म्हटलं असतं आणि गाडीचं चाक निघालं असतं तर?"

"अहो, थांबा." मावशी खुर्चीत पुढे सरकली. आता ती संपादकांशी बोलतच नव्हती. "चिमणीला ताप भरला होता, आठवतं? दुपारचे दोन वाजले होते. तुला काळजी वाटली म्हणून तू फोन केलास. कोणाच्या मोबाईलवर केलास?"

तो हातातला मोबाईल उलटासुलटा करत राहिला.

"आहे का अजून तो नंबर?"

"असेल."

"लाव."

"मावशी, आता कशाला..."

"लाव म्हणते ना."

काकांनी खिशातून आपला जुना मोबाईल काढून टेबलावर, संपादकांच्या कपाशेजारी ठेवला. बातमीदारानं नाइलाजानं अंगठा फिरवला. तो नंबर शोधायला त्याला दोन सेकंदही लागले नाहीत. टेबलावरचा मोबाईल खणखणला. वर अक्षरं आली: चिमणीचा बाबा. मोबाईल वाजत वाजत टेबलावरून सरकत होता आणि कोणीच तो उचलत नव्हतं.

"बातमी सहाला द्यायची होती," तो पुटपुटला. "वेळ नव्हता."

"साडेतीन ते सहा काय करत होतास? माझं घर इथून पायी वीस मिनिटं आहे. फोटो काढायला माणूस आला होता ना दारापर्यंत? त्याला म्हणायचंस, आत जा, वही बघून ये."

संपादकांनी घसा साफ केला. चहा मागवला, जो कोणी पिणार नव्हतं. मग म्हणाले, "असं करू. तुमच्यावर एक छान लेख करतो. रविवारच्या पुरवणीत. सतरा वर्षांची सेवा, मुलांसोबतचा मोठा फोटो. लोक सगळं विसरून जातील."

"मुलं कुठून आणू फोटोला?"

"मावशी, मी मनापासून म्हणतोय."

"मीही मनापासूनच विचारतेय. दोनच आहेत." मावशीनं वही पिशवीत टाकली. "मला कौतुक नको. जिथे ते छापलं तिथेच छापा, तेवढ्याच अक्षरांत. की आम्ही हिला विचारलं नाही. एवढंच. गोडीचे दोन शब्दही घालू नका."

"असं छापता येत नाही हो. उद्या कोर्टात आमच्याच गळ्याशी येईल ते."

"माझं छापताना कोर्ट कुठे गेलं होतं?"

"तिथे प्रश्नचिन्ह होतं," संपादक म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही, कारण त्यांनी लगेच टीव्हीकडे बघितलं.

आठ दिवसांनी आलं ते. सातव्या पानावर, तळाला. वर एकाची हरवलेली कागदपत्रं, खाली एकाचं हरवलेलं कुत्रं, आणि मधे मावशी. "खुलासा: सदर पाळणाघरात मुलांना गुंगीचे औषध दिले जात नसल्याचे संचालिकेने कळवले आहे."

काकांनी ते दोनदा वाचून दाखवलं. "तू कळवलंस म्हणे."

"म्हणजे हे मी म्हणतेय. ते नाहीत म्हणत."

"कुत्र्याला फोटो दिलाय बघ," काका म्हणाले. हसायला येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही.

दूधवाल्यानं आधीची बातमी वाचलेलीच नव्हती. हा खुलासा मात्र त्यानं वाचला. पिशवी देताना हळूच म्हणाला, "मावशी, गुंगीचं काय प्रकरण झालं होतं हो?" वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यातूनच विचारलं, "परत आलं का गं तुझं पेपरात?" मग मावशीनं पेपर बंद केला. काका वाचायला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायला लागले.

महिना गेला. एक दिवस दुपारी दोनच्या सुमाराला मागच्या अंगणाच्या दारावर नखांनी खरडल्यासारखं वाजलं. दोन्ही पोरं झोपलेली, काका सलूनमध्ये गेलेले. मावशीनं दार किलकिलं केलं तर बाहेर चिमणीची आई. कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं चार महिन्यांचं बाळ.

"मावशी, आत येऊ?"

मावशी बाजूला झाली. बाळ जागं होतं, टकामका बघत होतं. आईनं न विचारताच ते मावशीच्या हातात दिलं, आणि मावशीनंही न विचारताच घेतलं. सतरा वर्षांची सवय. मानेखाली हात गेला, दुसऱ्या हातानं पाठ थोपटणं सुरू झालं.

"रजा संपली माझी," ती कुजबुजली. "परवापासून हजर व्हायचंय. याला तुमच्याकडेच ठेवायचंय."

"घरात चर्चा झाली?"

"हेच म्हणाले, मावशींशिवाय दुसरीकडे कुठेच ठेवायचं नाही. खरं सांगू? त्यांचा तुमच्यावर आधीपासून विश्वास आहे. त्या दिवशीसुद्धा मला म्हणाले होते, मावशी असं काही करणार नाहीत."

मावशीचा थोपटणारा हात थांबला. "कोणत्या दिवशी?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

"गुरुवारी," ती म्हणाली. "मी फोन केला होता ऑफिसात, तेव्हा. लिहीत होते ते."

"लिहीत असताना म्हणाला?"

"आपण नाही दिली तर दुसरा पेपर देईल, म्हणाले. धंदाच तसा आहे हो, मावशी. त्यांना पण त्रास झाला. दोन दिवस जेवले नाहीत नीट."

इतके दिवस मावशीनं स्वतःला एक समजूत घातली होती. त्याला वाटलं असेल खरं. घाई असेल, आळस असेल, डोक्यात शंका आली असेल. माणसाला शंका येते. त्या आधारावर ती रोज उठत होती, भात लावत होती. आता तो आधारही गेला. चिमणीचा बाप तिला ओळखत होता, आणि ओळखूनच त्यानं ते लिहिलं होतं.

तिनं बाळ आईच्या कडेवर परत दिलं. "मागच्या दारानं का आलीस?"

"मुलं झोपलेली असतील म्हणून..."

"माझ्याशी खोटं बोलू नको. तुझ्या लेकीचं गळकं नाक पुसलंय मी. परवा सकाळी ये. आठ वाजता, रस्ता भरलेला असतो तेव्हा. पुढच्या दारानं. आणि नवऱ्याला बरोबर आण. बाळ त्यानं द्यायचं माझ्या हातात. चार लोकांना दिसू दे. पेपरात काही छापू नको म्हणावं, एवढंच कर. मग मी याला ठेवते."

"एवढंच ना?" तिचा चेहरा खुलला. "नक्की येतील."

परवा सकाळी मावशीनं पायरी धुतली. काकांनी तोच इस्त्रीचा शर्ट घातला आणि मावशीनं बघितल्यावर म्हणाले, "सहज घातला." रस्त्यावर शाळेच्या गाड्या, भाजीचे हातगाडे, ऑफिसला निघालेले लोक. कोपऱ्यावर एक मोटारसायकल थांबली. मागून चिमणीची आई उतरली, बाळ घेऊन. पुढचा उतरला नाही. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटची काच खाली.

ती एकटीच चालत दारापर्यंत आली.

"त्याला म्हणावं, टोपडं काढ आणि ये," मावशी म्हणाली. "चाळीस पावलंसुद्धा नाहीत."

ती वळली, हात केला. तो बघत होता, बघितल्याचं दिसत होतं. समोरच्या हातगाडीवर चिमणीच्या वर्गातल्या कोणाची तरी आई भाजी घेत होती. त्यानं मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून दाखवलं, गाडी वळवली आणि निघून गेला.

"मीटिंग असेल," ती म्हणाली, अगदी हळू.

"असेल."

तिनं बाळ पुढे केलं. मावशीचे हात आपोआप वर आले. ते तिनं पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"नाही घेणार?"

"नाही."

"मावशी, याचा काय दोष हो?"

"काहीच नाही. माझाही नव्हता."

"मी कामावर कशी जाऊ?"

उत्तर मावशीकडे होतं. आत नऊ जागा रिकाम्या होत्या. पण ते उत्तर तोंडातून काढलं असतं तर उद्यापासून हे बाळ रोज मागच्या दारानं आलं असतं आणि मागच्या दारानं गेलं असतं.

चिमणीची आई डोळे पुसत पायरी उतरली. बाळाच्या पायातला एक मोजा सुटून पायरीवर पडला.

"हाक मारू का तिला?" काकांनी विचारलं.

"हाक नको. मोजा देऊन या. पळा. पाय गार पडतील त्याचे."

काका इस्त्रीच्या शर्टात, हातात बोटभर मोजा घेऊन रस्त्यानं धावले. भाजी घेणारी बाई आधी रडत चाललेल्या आईकडे, मग मावशीच्या दाराकडे बघत राहिली, आणि हातगाडीवाल्याला म्हणाली, "बघितलंत? आणखी एकीनं काढून नेलं पोर. काहीतरी असल्याशिवाय का?"